कुंदा खणलेल्या शेताकडे

आमच्या अमरावतीच्या घरात एक प्रश्न रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून सोडवला जायचा. कुळं शेतं सोडून का जातात? झोपाळ्यावर मामंजी, म्हणजे माझे सासरे, स्वतः वकील. समोरच्या खुर्च्यांवर त्यांचे दोन वकील मित्र आणि एक हेडमास्तर. चौघांपैकी एकाच्याही पायाला कधी ढेकूळ लागलेलं नव्हतं. उत्तर ठरलेलं असायचं. "आळस, दुसरं काय! शहरातला चहा आणि सिनेमा." मग आतून चहा यायचा, आणि रविवारी ही मंडळी सिनेमाला जायची.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, वाईहून लग्न होऊन आलेली आणि बी.ए. झालेली. ही बी.ए. झालेली मुलगी फार त्रासदायक होती. आज मी आजी झाले असले, तरी तिच्याबद्दल पुढे मी जे लिहीन त्यात आजीची माया शोधू नये. महिला मंडळात वाचायला ती एक निबंध लिहीत होती, 'ओस पडणारी शेती : कारणे आणि उपाय'. उपाय लिहून झाले होते. कारणं तेवढी राहिली होती.

"मग प्रत्यक्षच बघून या की, सूनबाई," एके दिवशी मामंजी म्हणाले. मला वाटलं, उन्हाळा बाधला. त्या काळात सुनेला एकटीला देवळात पाठवताना दोनदा विचार व्हायचा, आणि मला गावाला पाठवत होते! "टाकळीचा सुखदेव पाडव्याला घराला कुलूप लावून निघून गेलाय. नाल्याकाठचं शेत तसंच पडलंय आणि मृग तोंडावर आलाय. त्याच्या बायकोला गाठा, केवळाबाईला. दिवाणजीचं ती ऐकायची नाही, पण बाईचं बाई ऐकते. हा कागद पुढे ठेवा, दोघांचे अंगठे घ्या. पुढचं सगळं सुरळीत होईल."

त्यांनी एक लांबट खाकी पाकीट दिलं आणि पत्र्याच्या डबीत शाईची गादी. कुळाला परत बोलावण्याचा, पेरणीचा करार असणार, असं मी ठरवून टाकलं. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं. पाकीट बंद होतं, हे इथेच लिहून ठेवते. मी हेच सगळ्यांना सांगत आले आहे.

मूर्तिजापूर

मे महिन्यात वऱ्हाडातून प्रवास करणाऱ्यानं काय न्यावं? डोक्याला पंचा, सुरईत पाणी आणि जवळ एक कांदा. मी काय नेलं? श्रीखंडी रंगाचं वॉयल, काळा चष्मा, वडिलांनी दिलेलं शाईचं पेन आणि बारा प्रश्न लिहिलेली वही. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसले. ही गाडी इतक्या बेतानं चालते की एक म्हातारेबुवा उतरले, बाभळीआड जाऊन आले आणि त्याच डब्यात पुन्हा चढले. जाताना धोतराचा सोगा जसा खांद्यावर होता, तसाच येताना होता.

समोरच्या आजीबाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या.

"कांदा नाई घेतला वो जवळ?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"कशाले म्हंते! लू लागंन ना, माय!" त्यांनी कनवटीचा कांदा काढून माझ्या हातात कोंबला. आमच्या वाईत कांदा भाजीत घालतात. इथे तो उन्हाची बाधा होऊ नये म्हणून अंगावर बाळगतात. मी तो पर्समध्ये ठेवला आणि पुढचे चार दिवस माझ्या बारा प्रश्नांना कांद्याचा वास येत राहिला. आज वाटतं, त्या वहीत खरं म्हणावं असं तेवढंच काही होतं.

टाकळी

स्टेशनवर आमचे दिवाणजी दमणी घेऊन आले होते. दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी. बसायची कला यावी लागते, ती मला येत नव्हती. पहिल्याच चाकोरीत माझा चष्मा धुळीत गेला आणि चाक त्यावरून गेलं. त्यानंतर मला टाकळी जशी होती तशी दिसू लागली.

दिवाणजींच्या बायकोनं, गोदाबाईंनी, जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वरून कच्चं तेल आणि कैरी किसून गूळ घातलेलं तक्कू. वाईच्या जेवणाच्या आठवणी काढत मी तीन भाकरी खाल्ल्या. मग दिवाणजी पान लावायला ओसरीवर गेले, आणि मी वही उघडून गोदाबाईंना प्रश्न पहिला विचारला, "येथील कुळे व्यसनाधीन आहेत काय?"

गोदाबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, पण पोटभर. "कोन, सुखदेव? त्याले सुपारी बी ठसकते!"

"मग शेत सोडून का गेला?"

त्यांनी ओसरीकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या घरचा रिवाज तुमाले ठाऊक नाई का, सूनबाई?"

रिवाज असा. आमच्या घरची टाकळीत सहा शेतं, आणि ती बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणारी सहा कुळं. दर पाडव्याला दिवाणजी कुळांची शेतं बदलायचे. यंदा वडाजवळचं केलं, तर पुढच्या साली विहिरीजवळचं, त्याच्या पुढच्या साली आणखी कुठलं. कायद्यानं कसणाऱ्याला हक्क मिळणार असं कानावर आल्यापासून हे सुरू झालं. एकाच शेतात लागोपाठ कोणाचं नाव दिसता कामा नये.

"मंग कोन खत टाकंन?" गोदाबाई म्हणाल्या. "यंदा मी टाकाचं अन् पुढच्या साली दुसऱ्यानं पिकवाचं? कोनी धुरा बांधत नाई, कोनी झाड लावत नाई. जमीन दरसाली भुकी राह्यते. चार साल झाले की पिकत नाई. मंग कूळ म्हंते, मी चाललो बाप्पा."

माझ्या वहीतला उपाय पहिला असा होता, 'कुळांना शेणखताचे महत्त्व पटवून द्यावे.'

"आणि सुखदेव?"

"त्याले नाल्याकाठचं देल्लं. कोनालेच नको व्हतं ते. समदं कुंद्यानं भरलं. दिवाणजी म्हने, राहू द्या त्याच्याच गळ्यात, ते काय पिकते! म्हनून बदललं नाई. तीन साल तेच राह्यलं."

आमच्याकडच्या वाचकांना कुंदा ठाऊक नसेल. हे गवत आहे. वरून बघाल तर हिरवंगार, कोणी चित्र काढावं असं. खाली काळ्या जमिनीत त्याची मुळं हात-दोन हात जातात आणि नांगराला दाद देत नाहीत. वखरानं तोडलं तर एकाची चार होतात. कुदळीनं खणून, मूळ न् मूळ हातानं वेचून, उन्हात वाळवून जाळावं लागतं. उन्हाळ्यातच, कारण तेव्हाच ते मरतं. केवळाबाई आणि सुखदेव तीन उन्हाळे ते शेत खणत होते. बाहेरचं काम आटोपून यायचे आणि खणायचे. तिसऱ्या वर्षी कपाशी छातीला लागली.

"मंग?" मीही एव्हाना 'मंग' म्हणायला लागले होते.

"मंग काय! पाडव्याले दिवाणजीनं सांगतलं, आता तुमी वडाजवळचं घ्या. हे दुसऱ्याले द्याचं हाये." गोदाबाईंनी ताट उचललं. "केवळीनं भांडीकुंडी बांधली. कुलूप लावलं अन् गेली."

नाल्याकाठी

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजींबरोबर शेत बघायला गेले. वाटेत आमची बाकीची शेतं लागली. दोन कशीबशी वखरलेली, तिनांत मागच्या सालच्या पऱ्हाट्या तशाच उभ्या. पऱ्हाटी म्हणजे वाळलेलं कपाशीचं झाड. वऱ्हाडात बायका ती उपटून चुलीला नेतात. ती उपटायलाही कोणी उरलं नव्हतं.

"ही कुळं कुठे गेली?"

"जिथी चहा भेटते तिथी," दिवाणजी म्हणाले. झोपाळ्यावरचं उत्तर इथवर चालत आलेलं होतं. की इथूनच तिकडे गेलं होतं, कोण जाणे.

नाल्याकाठच्या शेताला मात्र धुरे, म्हणजे बांध, घातलेले होते, सुतात धरल्यासारखे. कडेला जळालेल्या कुंद्याच्या राखेचे काळे डाग. एका कोपऱ्यात शेणखताचा मोठा ढीग, पसरायचा राहिलेला.

"खत नेलं नाही त्यांनी?"

"नेऊ देल्लं नाई. मालकाच्या शेतातलं खत मालकाचं." दिवाणजींनी हे अशा सुरात सांगितलं, जणू मी त्यांना शाबासकी देणार होते. तीन वर्षं एका बाईनं डोक्यावरून पाटी पाटी शेण वाहिलं आणि ते आमचं! आमच्या घरात गोवरीला कोणी हात लावला असता तर आंघोळ करावी लागली असती. पण खत म्हणून ते आमचं होतं.

हे सगळं मला तिथे उमगलं, असं लिहायला आवडलं असतं. उमगलं नाही. मी वही काढली आणि 'बांधबंदिस्ती उत्तम' असं लिहायला लागले. मेच्या उन्हात काळी जमीन अशी भेगाळते की भेगेत मनगटापर्यंत हात जावा. माझ्या घामेजल्या बोटांतून पेन निसटलं, भेगेत गेलं आणि खाली कुठेतरी खुट्ट वाजलं. मी गुडघ्यांवर बसून खांद्यापर्यंत हात घातला. दिवाणजी काठीनं ढोसत होते. पेन गेलं ते गेलंच. श्रीखंडी वॉयलचं काय झालं, ते विचारू नका.

अकोला

सुखदेवचं बिऱ्हाड अकोल्याला, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनाजवळच्या वस्तीत असल्याचं गोदाबाईंनी सांगितलं होतं. अकोल्याला मावससासूबाईंकडे उतरले आणि दुपारी पत्ता काढत गेले. टिनाच्या दोन खोल्या, बाहेर सारवलेलं अंगण. आत तट्ट्याच्या भिंतीला बुद्धाचं चित्र आणि खाली खुंटीला एक पाटी. तीन-चार वर्षांपूर्वी या घरानं दीक्षा घेतलेली.

केवळाबाई जिनातून नुकतीच आली होती. केसांत, भुवयांवर सरकीची लव. चाळिशीची, काटक. मी मालकांची सून म्हटल्यावर तिनं चटई टाकली आणि पाण्याचा गडू पुढे ठेवला.

आता हा भाग लिहिताना माझेच कान गरम होतात. मी तो गडू दोन्ही हातांनी उचलला, सगळी वस्ती बघतेय ना याची खात्री केली आणि घटाघटा पाणी प्यायले. मोठं काहीतरी केल्याच्या आविर्भावात गडू खाली ठेवला.

"आनखी पाहिजे?" केवळाबाईनं विचारलं.

"नको. मी शिवाशीव मानत नाही."

"बरं," ती म्हणाली. "तहान लागली असंन म्हनून देल्लं व्हतं."

सुखदेव दाराशी बसला होता. तो जिनात गाठी उचलायचा. तो खाली मान घालून हसला. मी तेही न समजून पुढे सरसावले. "पाटी छान आहे. मुलं कितवीत?"

"पोरीचं लगन झालं. पाटी माही हाये." वऱ्हाडात 'माझी'ला 'माही' म्हणतात, आणि बायकाही 'मी येतो, मी करतो' असं पुरुषासारखं बोलतात. पहिल्यांदा मला ते राकट वाटलं होतं. "तीन साल झाले, मी शिकून राह्यलो. टाकळीले बी वर्ग व्हता आमच्या वस्तीत."

मी कौतुकानं मान हलवली आणि भाषण सुरू केलं. भूमातेनं तुम्हाला हाक मारली आहे, मालक मनानं मोठे आहेत, मृग तोंडावर आला आहे, झालं गेलं विसरून चला. मग पाकीट काढलं आणि शाईची डबी उघडून ठेवली. "इथे फक्त अंगठे. म्हणजे शेत पुन्हा तुमचं."

"तेच? नाल्याकाठचं?" केवळाबाईचा आवाज एकदम बदलला. सुखदेवनं मान वर केली. तेवढ्या क्षणापुरतं त्या दोघांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते मी आणलं होतं, खोटं.

"तेच," मी म्हटलं.

तिनं हात लुगड्याला पुसले आणि कागद घेतला. सुखदेवनं अंगठा शाईकडे नेला, तर तिनं नुसत्या डोळ्यांनी त्याला थांबवलं. एक-एक अक्षर बोटानं धरून ती मोठ्यानं वाचू लागली. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठ हलवायची, पुन्हा मागून सुरू करायची.

"टाकळी येथील... नाल्या-काठचे शेत... गेली तीन वर्षे... आमचे वहि-वाटीत असून..."

"हो, हो," मी म्हणाले.

"...ते आम्ही... राजी-खुशीने... कोणाचे दड-पणा-शिवाय..." ती थांबली. बोट पुढच्या शब्दावर तसंच राहिलं. "...सो-डून देत आहोत."

बाहेर कोणीतरी धुणं आपटत होतं.

"पुढे... आमचा... कोणताही हक्क... राहणार नाही." तिनं कागद मांडीवर ठेवला. "काहून वो बाई? तुमी तर म्हने शेत पुन्हा आमचं."

मी कागद ओढून घेतला. मामंजींचं वळणदार अक्षर. चार ओळी. बी.ए.ला एक मिनिटही लागलं नसतं.

"तुमी वाचला नवता?"

"पाकीट बंद होतं," मी म्हणाले.

केवळाबाईनं पाकीट उचललं आणि त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं.

मला रडू येत होतं, आणि मी रडले असते तर त्यांनाच माझी समजूत घालावी लागली असती. तेवढी अक्कल तरी त्या मुलीला होती. मी शाईची डबी बंद केली. "मी हा फाडून टाकते," मी म्हणाले.

"थांबा, थांबा!" सुखदेव पहिल्यांदाच बोलला, आणि घाईनं. "फाडू नोका. केवळे, पयली ओळ पुन्हा वाच."

"गेली तीन वर्षे आमचे वहिवाटीत असून."

"हे अक्षर कोनाचं, बाई?"

"मामंजींचं."

"तलाठ्याच्या वहीत घरची वहिती लिवून ठेवली. आमी तिथी नवतोच म्हने. जसं काई कुंदा आपल्याच मनानं निंघाला!" त्यानं कागदाकडे बघितलं, हात न लावता. "अन् वकीलसायेबानं आपल्या हातानं लिवून देल्लं. हे आमाले कोनीच लिवून देल्लं नवतं."

सोडायचं लिहून घ्यायचं, तर आधी ते त्यांच्याकडे होतं हे लिहावं लागतं. मामंजी पक्के वकील. तलाठ्याच्या वहीत सोय झाली होती, तरी एका कुलपावर त्यांना झोप येईना म्हणून दुसरं लावायला गेले. समोरची बाई ते कुलूप वाचेल, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

केवळाबाईनं कागदाची घडी घातली आणि तो पाटीच्या मागे सरकवला.

"मामंजींना मी काय सांगू?"

"सांगा, केवळीनं वाचला अन् ठेवून घेतला."

परत

मामंजी झोपाळ्यावरच होते. "अंगठे?"

"नाही मिळाले."

"कागद?"

"केवळाबाईकडे आहे."

"तिच्याकडे कशाला ठेवलात?"

"ती वाचत होती."

झोपाळा थांबला. त्या घरात तो माणसं बसलेली असताना थांबल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. हेडमास्तरांनी कप खाली ठेवला. मामंजी फक्त म्हणाले, "वाचत होती?" आणि मग माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. घरात तेवढी शांतता मला पुन्हा कधी लाभली नाही.

महिला मंडळात मी निबंध वाचला. उपाय फाडून टाकले होते, कारण एकच उरलं होतं. लोक शेत सोडत नाहीत, त्यांना दरसाल सोडायला लावतात. दहा-दहा वर्षं खपूनही ज्याला पुढच्या पाडव्याला आपण कुठल्या धुऱ्याच्या आत असू हे ठाऊक नाही, त्यानं मातीत जीव ओतावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करतो? आणि त्यानं कंटाळून कुलूप लावलं, की त्याला आळशी म्हणतो! आपल्यापैकी कितीजणींच्या घरून अशीच पाकिटं गेलीत, हे घरी जाऊन विचारा, असं मी म्हणत असतानाच अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली. चिवडा थंड होत होता म्हणे. चिवडा!

पुढच्या वर्षी तहसिलीत सुनावणी झाली. नाल्याकाठचं शेत घरच्या वहितीत होतं, असं दिवाणजींनी शपथेवर सांगितलं. केवळाबाईनं कागद पुढे केला. मामंजींचं अक्षर त्या कचेरीत कोणाला ओळखून सांगावं लागलं नाही. शेत केवळाबाई-सुखदेवच्या नावे लागलं.

एकच शेत. बाकी पाच कुळांपैकी तिघांनी आधीच अंगठे दिलेले होते, आणि ते कागद कोणी वाचलेले नव्हते. ती तीन शेतं सरकारदरबारी 'घरची वहिती' म्हणून नोंदली गेली. घरची म्हणजे कोणाची हो? आमच्या घरात वखर कुठल्या टोकाला धरतात, हे सांगू शकणारा एक जण नव्हता. पुढे कितीतरी वर्षं तिथे कुंदा माजला होता, वरून बघाल तर हिरवागार. मुंबईहून आलेला एक पाहुणा तो बघून म्हणाला, "काय छान गवत आहे तुमच्या शेतात!"

केवळाबाईला मी बऱ्याच वर्षांनी टाकळीत भेटले, हुरड्याच्या दिवसांत. नाल्याकाठी गोवऱ्यांवर कणसं भाजत होती. तिचे केस पिकलेले, माझी कंबर जाड झालेली. मी तिथल्या भेगेत गेलेल्या माझ्या पेनाची चौकशी केली. "नांगराले नाई लागलं आजून," ती म्हणाली. तिनं कणसं तळव्यांवर चोळली, फुंकर मारली आणि कोवळे दाणे माझ्या हातात ओतले. माझं तोंड हुरड्यानं भरलेलं असताना, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,

"पाकीट उघडंच व्हतं ना, बाई?"

गोंद लावलेला नव्हता. नुसतं तोंड दुमडलेलं होतं. मामंजींनी ते चिकटवण्याचीही तसदी घेतली नव्हती, इतके ते मला ओळखून होते.

मी दाणे गिळले. "उघडं होतं," मी म्हणाले.

तिनं दुसरं कणीस निखाऱ्यांत सरकवलं. "खा," ती म्हणाली. "गरम हाये तवरक."